बियाण्याचे दाणे

१८९८ सालच्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये भरलेल्या मोठ्या कलाप्रदर्शनात परीक्षकांनी तिशीतल्या एका बाईचे नाव सुवर्णपदकासाठी सुचवले. सुचवणाऱ्यांत ॲडॉल्फ मेन्झेल होता. वयाची ब्याऐंशी वर्षे ओलांडलेला, दरबारात मोठा मान असलेला हा चित्रकार कुणाची उगाच तरफदारी करील, असे म्हणण्याची सोय नव्हती. पण पदकावर शेवटची मोहोर सम्राटाची. खात्याच्या मंत्र्याने प्रतिकूल शेरा मारला. चित्रांचा विषय आणि त्यांतले उघडेवाघडे वास्तव पाहता सरकारने त्यांचा गौरव करणे उचित होणार नाही, असा त्याचा आशय होता. कैसर दुसरा विल्हेल्म याने शिफारस फेटाळली.

चित्रे होती अवघी सहा. एकातही रंग नव्हता. पांढरा कागद, काळी शाई, आणि आकार वहीच्या पानाहून फार मोठा नाही. १८४४ साली सायलेशिया प्रांतातले विणकर उपासमारीला कंटाळून उठले आणि सैन्याने त्यांना चिरडले, त्याची ती कथा होती. उपाशी मूल, मृत्यू, गुत्त्यातल्या मेजाभोवतीची खलबते, मोर्चा, मालकाच्या फाटकावरचा हल्ला आणि शेवटी झोपडीत आणून ठेवलेली प्रेते. पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनेवरचे सहा लहान कागद, आणि एका साम्राज्याला त्यांना पदक देववेना.

ही चित्रे करणारी बाई केटे कोल्वित्स. खरे तर ती प्रदर्शनात पाठवण्याचा तिचा उत्साहच मावळला होता. ही चित्रमाला तिने वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी पुरी केली होती आणि त्यांच्या मेजावर नेऊन ठेवली होती. म्हातारा हरखून घरभर बायकोला हाका मारीत फिरला होता. पण पुढच्याच वसंतात ते वारले. ज्यांना हे भिंतीवर लागलेले पाहायचे होते तेच राहिले नाहीत, मग प्रदर्शन कशासाठी, असे तिला वाटले. अखेर ॲना प्लेन या मैत्रिणीने चित्रे ताब्यात घेतली, अर्ज भरला आणि ती परस्पर पाठवून दिली. एका मैत्रिणीच्या या खटपटीतून जर्मनीला तिची ओळख झाली. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात तिला पदक मिळाले. सॅक्सनीच्या त्या राजघराण्याशी तिची गाठ आयुष्याच्या अगदी शेवटी पुन्हा पडायची होती.

घडण

केटे श्मिटचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग येथे झाला. आज ते शहर रशियात आहे आणि कालिनिनग्राड या नावाने ओळखले जाते. आजोबा युलियुस रुप धर्मोपदेशक. सरकारमान्य चर्चशी त्यांचे पटले नाही, तेथून त्यांना काढण्यात आले, तेव्हा त्यांनी स्वतंत्र धर्ममंडळी उभी केली. वडील कार्ल श्मिट कायदा शिकलेले. पण आपली मते घेऊन प्रशियाच्या सरकारी नोकरीत राहता येणार नाही हे ओळखून त्यांनी थापी हातात घेतली आणि ते गवंडीकामात शिरून बांधकाम करू लागले. पटत नसेल तर पद सोडायचे पण मत सोडायचे नाही, हे त्या घराचे वळण होते.

मुलीच्या हातातले कसब वडिलांनीच हेरले. चौदाएक वर्षांची असताना रुडोल्फ माउअर नावाच्या तांब्यावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे त्यांनी तिला शिकायला घातले. त्या काळी जर्मनीतल्या कला अकादम्यांची दारे मुलींना बंद होती. म्हणून ती बर्लिनला आणि नंतर म्युनिकला, स्त्रियांसाठी असलेल्या वेगळ्या चित्रशाळांत शिकली. बर्लिनमधले तिचे शिक्षक कार्ल श्टाउफर-बेर्न यांनी तिची रेखाटने पाहून तिला माक्स क्लिंगरच्या मुद्राचित्रांकडे वळवले. म्युनिकमध्ये तिला कळून चुकले की रंग आपल्याला साधत नाहीत. क्लिंगरने एका निबंधात मांडले होते की जगाचे सौंदर्य गावे रंगचित्राने, पण त्याची काळी बाजू, त्यातला अन्याय आणि वेदना सांगावी ती रेषेने. हे वाचल्यावर तिला आपली वाट सापडली. वडिलांना मुलगी चित्रकार व्हायला हवी होती. ती मुद्राचित्रकार झाली.

१८९१ साली तिने कार्ल कोल्वित्सशी लग्न केले. कामगारांच्या आजार-विमा निधीचा हा डॉक्टर. वडील या लग्नावर खूश नव्हते. संसार आणि कला ही दोन्ही ओझी एकदम पेलणार नाहीत, जे निवडलेस ते तरी पुरते कर, असे त्यांनी तिला बजावले. तिने निवड केलीच नाही. बर्लिनच्या उत्तर भागातल्या कामगारवस्तीत, वाइसेनबुर्गर रस्त्यावरच्या २५ क्रमांकाच्या घरात नवराबायको राहायला गेले आणि पुढची बावन्न वर्षे तिथेच राहिले. कार्लचा दवाखाना तिथेच होता. सुरुवातीच्या वर्षांत तिची कामाची खोली त्याला लागूनच होती. एका बाजूला खोकणारी, कण्हणारी माणसे आणि दुसऱ्या बाजूला तेजाब, शाई आणि तांब्याचे पत्रे. १८९२ मध्ये हान्स जन्मला आणि १८९६ मध्ये पेटर.

गरिबांच्या कळवळ्याने तिने कामगार रंगवले, असे सर्रास लिहिले जाते. तिने स्वतः मात्र याबाबत कमालीचा प्रामाणिक खुलासा केला आहे. आरंभी तिला दया वगैरे काही वाटत नव्हती. बंदरावरच्या हमालांच्या हालचालींत, कष्टकरी बायकांच्या रुंद खांद्यांत तिला सौंदर्य दिसत होते, आणि सुखवस्तू माणसांची शरीरे तिला निरस वाटत होती. पुढे दवाखान्यात येणाऱ्या बायका नवऱ्याच्या औषधाबरोबर आपली कहाणीही तिच्यापाशी ठेवून जाऊ लागल्या. बेकारी, दारू, मार, मेलेली मुले. ते ऐकता ऐकता त्या सौंदर्याला त्याची कारणेही दिसू लागली.

पत्रा, दगड आणि लाकूड

मुद्राचित्राचे काम म्हणजे मजुरीच. एचिंग अथवा अम्लरेखनात तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा पातळ लेप द्यायचा आणि त्यावर सुईने रेघा ओढायच्या. मग पत्रा तेजाबात सोडायचा. जिथे लेप खरवडला असेल तिथे तेजाब धातू खाते. किती वेळ ठेवायचे हा सारा अंदाजाचा खेळ. मिनिटभर जास्त झाले तर महिन्याभराचे काम बिघडते. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि पत्रा यंत्राच्या रुळांतून दाबून काढायचा. कागद उचलेपर्यंत आत काय उतरले आहे ते कळत नाही. शिवाय चित्र येते उलटे, डाव्याचे उजवे होऊन. लिथोग्राफ म्हणजे आपल्या जुन्या पोथ्यांचे शिळाछाप. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचे आणि तेल-पाण्याच्या वैरावर छापायचे. वुडकट सर्वांत जुने आणि सर्वांत हट्टी. लाकडातून जे कोरून काढले ते पांढरे, जे राहिले ते काळे. मधल्या करड्या छटेची सवलत तिथे नाही.

कोल्वित्सचे आयुष्य म्हणजे या तीन माध्यमांचा प्रवास आहे. विणकरांच्या मालेसाठी ती १८९३ ते १८९७ अशी जवळजवळ पाच वर्षे झटत होती. फेब्रुवारी १८९३ मध्ये तिने गेरहार्ट हाउप्टमानचे विणकरांवरचे नाटक पाहिले. पोलिसांनी बंदी घातल्यामुळे तो प्रयोग खाजगी म्हणून झाला होता. त्याआधी ती झोलाच्या खाणकामगारांवरच्या कादंबरीची चित्रे करीत होती. ते काम तिने बाजूला सारले. सहाही चित्रे एचिंगमध्ये करायची होती, पण हात तेवढा बसला नव्हता. म्हणून पहिली तीन तिने दगडावर केली आणि उरलेली तीन पत्र्यावर. माला संपवण्यासाठी तिने एक प्रतीकात्मक चित्रही केले होते. ते अखेर गाळले. झोपडीतल्या दोन प्रेतांनंतर प्रतीकाला जागा उरत नव्हती.

पुढची माला सोळाव्या शतकातल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बंडाची. सात चित्रे. १९०२च्या सुमाराला सुरू केलेले हे काम १९०८ साली संपले. यातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रात एक पाठमोरी बाई दोन्ही हात उंचावून शेतकऱ्यांच्या लोंढ्याला पुढे लोटते आहे. इतिहासाच्या पुस्तकात तिला काळी ॲना नावाची ही शेतकरीण सापडली होती. पण त्याहून खोल उतरते ते रणांगणाचे चित्र. रात्र आहे. प्रेतांच्या राशीत वाकलेली एक म्हातारी कंदिलाच्या उजेडात एका मेलेल्या पोराची हनुवटी चाचपते आहे. सगळा कागद अंधाराने भरलेला, उजेड फक्त त्या कष्टलेल्या हातावर आणि त्या चेहऱ्यावर. या काळात एचिंगमध्ये तिने नाना प्रयोग केले. मऊ लेपावर कापड नि कागद दाबून त्यांचा पोत पत्र्यावर उतरवला. कच्चा ठसा काढायचा, त्यावर कोळशाने आणि पांढऱ्या रंगाने दुरुस्ती करायची, पुन्हा पत्र्याकडे वळायचे. एकेका चित्राच्या अशा कितीतरी अवस्था आज संग्रहालयांत आहेत. पसंत न पडलेला पत्रा ती सरळ टाकून देई आणि नवा घेई.

राज्यकर्त्यांशी तिचे जुळणे शक्य नव्हते. १९०६ साली बर्लिनमध्ये घरबसल्या तुटपुंज्या मजुरीवर काम करणाऱ्यांविषयी प्रदर्शन भरले. त्याच्या जाहिरातीसाठी तिने एका थकलेल्या बाईचा चेहरा काढला. ते भित्तिचित्र हटवल्याशिवाय प्रदर्शनाला येणार नाही, असे सम्राज्ञीने कळवले. कैसरला सहा कागद सोसले नव्हते, त्याच्या पत्नीला एक चेहरा सोसला नाही.

दोन पेटर

१९०३ साली तिने एक एचिंग केले. मांडी घालून बसलेली एक नग्न, दणकट आई मेलेल्या मुलाला छातीशी आवळते आहे. तिचे तोंड त्याच्या छातीत खुपसलेले. एखाद्या जनावराने आपले पिल्लू धरावे तसा तो आवेग आहे. या चित्रासाठी तिने स्वतःलाच समोर बसवले होते. सात वर्षांच्या पेटरला कुशीत घेऊन ती आरशासमोर बसली आणि रेखाटू लागली. त्या अवघडलेल्या बैठकीत तिच्या तोंडून कण्हणे निघाले, तेव्हा त्या पोराने आईला धीर दिला की चित्र छानच होणार आहे. पुढे एका प्रदर्शनात हे चित्र अचानक समोर आले तेव्हा तिची जुनी मैत्रीण चरकली. छोट्या पेटरला काही झाले तर नाही ना, ही शंका तिच्या मनात आली. झाले काही नव्हते.

अकरा वर्षांनी झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा पेटर अठरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर नॉर्वेत भटकत होता. परत आल्यावर त्याने स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचा हट्ट धरला. तो अज्ञान असल्याने वडिलांची संमती हवी होती. कार्लने स्पष्ट नकार दिला. देशाने अजून तुझ्या वयाच्या मुलांना हाक मारलेली नाही, असे त्याचे म्हणणे होते. मुलाने आईकडे पाहिले. ती उठली, आणि तिने नवऱ्याकडे मुलाच्या वतीने शब्द टाकला. कार्लने मान तुकवली. ऑक्टोबरमध्ये पेटर आघाडीवर गेला आणि २२ ते २३ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री बेल्जियममध्ये डिक्समाउडेजवळ मारला गेला. बातमी घरी पोचायला महिन्याचा शेवट उजाडला.

जिने हयातभर आयांचे दुःख काढले तिच्यावर ते असे कोसळले, ही केवळ नियतीची क्रूर थट्टा म्हणून सांगितली जाते. तिच्या मनातली गोष्ट याहून अवघड होती. तो शब्द तिने टाकला होता. आणि तो टाकताना तिचाही त्या त्यागावर विश्वास होता. मुलाच्या मृत्यूनंतर लगेच त्या त्यागाला व्यर्थ म्हणणे म्हणजे मुलाचा विश्वासघात, आणि सार्थ म्हणणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे. या कात्रीतून सुटायला तिला चार वर्षे लागली. तिच्या रोजनिशीत हा झगडा महिन्यामहिन्याने दिसतो. १९१७ साली तिच्या पन्नाशीनिमित्त बर्लिनमध्ये पाउल कासिररच्या दालनात मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या तयारीसाठी तिला आपले वर्षानुवर्षांचे काम पुन्हा उलगडावे लागले, आणि त्यात ती आरशासमोरची आईही होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पराभव समोर दिसत असताना, रिशार्ड डेमेल या कवीने उरलेल्या सगळ्या पुरुषांना शेवटच्या लढाईसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. तेव्हा तिने वर्तमानपत्रात त्याला जाहीर उत्तर दिले. पुरे झाले, आता आणखी कुणीही मरता कामा नये, ही तिची मागणी होती. त्या उत्तरात तिने गटेच्या एका वचनाचा आधार घेतला. त्याचा मथितार्थ आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. दुष्काळ पडला तरी बियाण्याचे दाणे जात्यात घालायचे नसतात.

युद्धावर काम करायला तिने लवकरच घेतले होते, पण हाताला काही लागत नव्हते. एचिंग केले, टाकले. दगडावर केले, तेही टाकले. कल्पनेने ज्या हाताने १९०३ साली एवढे काढले, त्याच हाताला आता स्वतःचे दुःख उतरवता येईना. जुनी हातोटी खोटी वाटू लागली. जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लीबक्नेश्ट या क्रांतिकारक नेत्याचा खून झाला. त्याच्या घरच्यांच्या विनंतीवरून तिने शवागारात जाऊन त्याची रेखाटने केली. त्याचे राजकारण तिला मान्य नव्हते, तिला त्याच्यासाठी रडणारे कामगार दिसत होते. तेही चित्र पत्र्यावर आणि दगडावर साधले नाही. मग १९२० मध्ये एका प्रदर्शनात तिने एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट पाहिले आणि तिला मार्ग दिसला. त्रेपन्नाव्या वर्षी तिने लाकूड कोरायला घेतले.

‘युद्ध’ ही तिची सात वुडकटची माला १९२३ मध्ये ड्रेस्डेनहून प्रकाशित झाली. तीत एकही रणांगण नाही, तोफ नाही, शत्रू नाही. नवजात मुलाला दोन्ही हातांवर उचलून धरणारी आई. मृत्यूच्या नगाऱ्यामागे भारलेल्या चेहऱ्यांनी निघालेली पोरे, आणि त्यांत मृत्यूच्या अगदी शेजारी पेटर. एकमेकांत कोसळून एकच ढेकूळ झालेले आईबाप. दोन विधवा. मुलांभोवती कोट करून उभ्या ठाकलेल्या आया. शेवटी उरलेले लोक. आईबापांचा ठोकळा तिने पुनःपुन्हा कोरला. आधीचे तिला फार उजळ वाटत होते, दुःखात इतका उजेड नसतो असे तिचे मत पडले. करड्या छटांच्या जोरावर नाव कमावलेल्या या बाईने या मालेत त्या छटाच सोडल्या. पत्र्यावर हळहळ व्यक्त करता येते, लाकडावर हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. आणि १९१४ सालच्या त्या संध्याकाळबद्दल तिला आता तेवढेच म्हणायचे होते.

भिंती आणि प्रती

दरम्यान जगाने तिला मान दिला. १९१९ साली ती प्रशियाच्या कला अकादमीची सदस्य झाली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. जिथे मुलगी म्हणून प्रवेश नव्हता तशा संस्थेत १९२८ मध्ये मुद्राचित्रणाच्या वर्गाची सूत्रे तिच्याकडे आली. पण या वर्षांतले तिचे सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेले काम कुठल्या दालनात नव्हते. ते रस्त्यावर होते. व्हिएन्नातल्या उपाशी मुलांसाठी, रशियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी, जर्मनीतल्या भुकेल्या पोरांसाठी तिने भित्तिचित्रे काढली. १९२४ चे युद्धविरोधी भित्तिचित्र, हात उंचावून शपथ घेणारा तो तरुण, आजही जगभरच्या मोर्च्यांत दिसतो. आपल्या कलेला काहीतरी काम असावे, ती लोकांच्या उपयोगी पडावी, हे ती संकोच न करता सांगे. शुद्ध कलावाद्यांनी त्यावर नाक मुरडले. पण उपयोगी पडण्यासाठी तिने एकही ढिली रेष चालू दिली नाही.

पेटरच्या स्मारकाला अठरा वर्षे लागली. १९१४ च्या डिसेंबरात कल्पना सुचली तेव्हा मधे मुलाचे शव आणि दोन टोकांना आईबाप असा आराखडा होता. १९१९ मध्ये तिने ते काम थांबवले. पाचएक वर्षांनी पुन्हा हाती घेतले तेव्हा मुलगा त्यातून नाहीसा झाला होता. गुडघे टेकलेले दोघे म्हातारे फक्त उरले. बाप छाती आवळून ताठ, आई वाकून खाली गेलेली. जुलै १९३२ मध्ये हे दगडी पुतळे बेल्जियममधल्या लष्करी दफनभूमीत उभे राहिले. पुढे तिथली थडगी फ्लाडस्लो येथे हलवण्यात आली आणि पुतळेही त्यांच्याबरोबर गेले. तिथे आज पंचवीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत. ते दोघे त्या सगळ्यांपुढे गुडघे टेकून आहेत. क्षमा मागत आहेत, असेच पाहणाऱ्याला वाटते.

सहा महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. नाझींविरुद्ध डाव्या पक्षांनी एक व्हावे या आवाहनावर केटे आणि कार्लच्या सह्या होत्या. फेब्रुवारी १९३३ मध्ये तिला अकादमी सोडावी लागली. पाठोपाठ वर्ग गेला, कामाची जागा गेली. १९३६ च्या उन्हाळ्यात गेस्टापोची माणसे घरी आली आणि छळछावणीची धमकी देऊन गेली. तशी वेळ आलीच तर दोघांनी आपणहून जीवन संपवायचे, असे त्या वृद्ध दांपत्याने ठरवून ठेवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अकादमीच्या प्रदर्शनातून तिची शिल्पे काढून टाकण्यात आली. तिला जास्त लागली ती भोवतालची शांतता. कुणी भेटायला आले नाही, दोन ओळींचे पत्र नाही. बंदीचा हुकूम एक माणूस काढतो, पण ती पुरी होते बाकीच्यांच्या गप्प राहण्याने.

पण मुद्राचित्राला एकच भिंत नसते. १९३१ साली शांघायमध्ये रौ शी या तरुण लेखकाला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची आई जवळजवळ आंधळी होती आणि तिला हे कळलेलेही नव्हते. लेखक लू शुन याला आपल्या या मित्रावर जाहीरपणे लिहिणे शक्य नव्हते. त्याने कोल्वित्सचे मुलाला हातांवर उचलणाऱ्या आईचे वुडकट एका मासिकात छापले. कळायचे त्यांना कळले. १९३६ मध्ये, बर्लिनमध्ये तिची कामे हटवली जात होती त्याच वर्षी, लू शुनने शांघायमध्ये तिच्या निवडक चित्रांचा संग्रह काढला. चीनमधल्या तरुण वुडकट-चित्रकारांनी तो गुरूसारखा वापरला. बंगालच्या दुष्काळाने हादरलेल्या सोमनाथ होरांसारख्या आपल्याकडच्या मुद्राचित्रकारापर्यंतही तिची रेषा पोचली.

७५ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिने शेवटचे लिथोग्राफ केले. एका म्हाताऱ्या आईने आपले रुंद हात छपरासारखे पसरले आहेत आणि त्यांखालून तीन पोरे डोकावत आहेत. पोरे भेदरलेली नाहीत. त्यांना बाहेर पळायचे आहे, जग पाहायचे आहे. आई त्यांना सोडत नाही. चित्राचे नाव तेच, बियाण्याच्या दाण्यांचे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जे हात बाजूला झाले होते, ते २८ वर्षांनी तिने पुन्हा घट्ट धरले. त्याच वर्षी, सप्टेंबर १९४२ मध्ये, हान्सचा मुलगा रशियाच्या आघाडीवर पडला. आजीने गमावलेल्या मुलाचेच नाव त्याला ठेवले होते. पेटर.

कार्ल १९४० मध्येच गेला होता. १९४३ साली बाँबहल्ल्यांमुळे तिने बर्लिन सोडले आणि त्याच नोव्हेंबरात वाइसेनबुर्गर रस्त्यावरचे ते घर जळाले. रेखाटने, ठसे, बावन्न वर्षांचा संसार, सगळे एका रात्रीत गेले. १९४४ मध्ये सॅक्सनीच्या राजघराण्यातल्या एका राजपुत्राने तिला ड्रेस्डेनजवळ मोरित्सबुर्गला आसरा दिला. ज्या घराण्याने तिला पहिले पदक दिले त्यानेच शेवटची खोली दिली. तिथे २२ एप्रिल १९४५ रोजी ती वारली. युद्ध संपायला सोळा दिवस होते.

१९९३ साली एकीकृत जर्मनीने बर्लिनच्या मध्यवर्ती स्मारकात तिचे एक शिल्प ठेवले. मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई. मूळ शिल्प जेमतेम हातभर उंचीचे. ते सुमारे चौपट मोठे करून ठेवण्यात आले आणि त्यावर वादही झाला. मारणारे आणि मारले गेलेले यांच्यासाठी एकच आई कशी चालेल, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो वावगा नव्हता. पण भव्यतेने मोठी होणारी ही बाई नव्हे. तिची पावणेतीनशेच्या आसपास मुद्राचित्रे मागे राहिली. प्रत्येकाच्या अनेक प्रती, आणि त्या ड्रेस्डेनपासून शांघायपर्यंत विखुरलेल्या. कैसरला एक पदक अडवता आले, गेस्टापोला एक प्रदर्शन, बाँबला एक घर. तोवर दाणे पेरून झाले होते. पत्र्यावरून दुसरी प्रत निघते, पोराची निघत नाही, एवढे साधे सत्य सांगायला तिने सारा जन्म तांबे, दगड आणि लाकूड कोरण्यात घालवला.